तीन ठोके, हात काढ

गोष्ट अंधाराची असली तरी सुरू झाली ती भर दुपारी. साडेतीन वाजले असतील. शाळेची मुलं घरोघरी सोडून व्हॅनवाले काका आपली पिवळी व्हॅन घेऊन गॅरेजच्या दारात आले, आणि नेहमीसारखा हॉर्न न वाजवता गुपचूप उतरून आत येऊन उभे राहिले. वहिनीने तिथेच ओळखलं, माणूस घाबरलाय. हॉर्न न वाजवणारा ड्रायव्हर आणि न रडणारं तान्हं मूल, या दोघांकडे आधी बघावं.

वहिनी म्हणजे गॅरेजची मालकीण. तिचा नवरा मिस्त्री होता, आणि तो जाऊन चार वर्षं झाली होती. सगळी गिऱ्हाइकं तिला तोंडावर वहिनी म्हणत आणि पाठीमागे हातोडी. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दुसरं नाव जास्त आवडत होतं. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण गाडीच्या पोटातला दांडा न दांडा तोंडपाठ. जीभ अशी, की तिच्यापुढे कानस मऊ. एकदा एका शहाण्याने विचारलं होतं, की बाईमाणसाला गाडीतलं काय कळतं. ती म्हणाली, काही कळत नाही बाबा, तू चाकात बस, मी नट काढते, मग बघू कोणाला किती कळलं.

काकांचं म्हणणं असं होतं, की महिन्याभरापासून स्टेअरिंगमधून आवाज येतोय. वळण घेताना ठक ठक करतं. कधी येतं, कधी येत नाही. दोन ठिकाणी दाखवून झालं. एकाने ग्रीस मारून परत पाठवलं, दुसरा म्हणाला, गाडी म्हातारी झाली, म्हाताऱ्यांची हाडं वाजायचीच. आता आजच शाळेच्या मोठ्या बाईंनी सांगितलं, की मिस्त्रीच्या हातची चिठ्ठी आणा, गाडी ठीक आहे म्हणून, नाहीतर उद्यापासून मुलं बसवायची नाहीत. आणि उद्या परीक्षेचा पहिला पेपर. शाळा टेकडीवर, वाट वळणावळणाची, एका अंगाला दरी. चौदा मुलं. पुढच्या सीटवर बसते ती तर काकांची स्वतःची नात.

"वहिनी, तू हो म्हणालीस तर चालवतो," काका म्हणाले. "तू नाही म्हणालीस तर इथेच उभी करतो."

वहिनी म्हणाली, "माझ्या हो-नाहीवर मुलं बसवू नका. आधी बघू दे."

गॅरेज तसं लहानच होतं. वर पत्रा, तीन बाजूंना भिंती, चौथी बाजू रस्त्याकडे उघडी. मधोमध खड्डा, विटांनी बांधलेला आणि सिमेंट फासलेला, माणूस आत उभा राहिला तर डोकं जमिनीच्या पातळीला येईल एवढा खोल. गाडी दोन्ही बाजूंची चाकं काठांवर ठेवून वर उभी करायची आणि आपण खाली उतरायचं. हा खड्डा मिस्त्री होता तेव्हा नव्हता. तो गेल्यावर पंधरा दिवसांत वहिनीने तो खणून घेतला, मिस्त्री जिथे गेला बरोब्बर त्या जागी. लोक म्हणाले, बाईचं काळीज दगडाचं. असेल. पण त्यानंतर तिच्या गॅरेजमध्ये एकही गाडी नुसत्या जॅकवर उभी राहिली नाही.

शेजारी लाकडाची वखार. दिवसभर करवतीची किंचाळी चालू. त्यावर कडी म्हणून गॅरेजमध्ये रेडिओ. हा रेडिओ धाकट्याचा. धाकटा म्हणजे मिस्त्रीचा सख्खा भाऊ, वहिनीचा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा तो दप्तर घेऊन शाळेत जात होता, म्हणून तो तिला अगं-तुगं करी आणि ती त्याला धाकट्या म्हणे. रागावली की मात्र भाऊजी. आता तो पस्तिशीचा बाप्या झाला होता, हाताला चांगला, जिभेने आळशी. पण रेडिओशिवाय त्याचं पान हलत नसे. सकाळी कुलूप काढलं की आधी रेडिओ, मग पाने. भाऊ गेल्यापासूनची सवय. बातम्या, शेतीचे भाव, जाहिराती, काहीही चाले. फक्त गॅरेज गप्प राहता कामा नये. वहिनीने त्याला एकदा झापलं होतं, की इंजिनाचा आवाज ऐकायचा का तुझ्या या डबड्याचा. त्याने आवाज कमी केला. बंद नाही केला.

स्टेअरिंगचा आवाज शोधणं हे एकट्याचं काम नाही. एक वर ड्रायव्हरच्या जागी, म्हणजे चाकात, बसतो आणि स्टेअरिंगचं चाक हलवतो. फार नाही, घड्याळाचा काटा बाराच्या अलीकडे-पलीकडे करावा एवढंच, डावीकडे, उजवीकडे. दुसरा खाली. तो एकेका सांध्यावर पंजा ठेवतो. सांधा घट्ट असेल तर हाताला नुसती हालचाल लागते. ढिला असेल तर आत दाणा उडाल्यासारखं टुचकन लागतं. कानावर जायचं नाही. लोखंडातून आवाज पळतो. दुखतं गुडघ्यात आणि ओरडते पाठ. मिस्त्री म्हणायचा, कान खोटं बोलतात, हात नाही.

वहिनी खाली उतरली. गेली चार वर्षं खाली तीच जायची आणि चाकात कायम धाकटा. जागा बदला असं कोणी सुचवलं तरी नाही. ती गाडी चालवायची, रस्त्यावर नेऊन आणायची, पण आपल्या गॅरेजमध्ये, खाली माणूस असताना, ती चाकात बसत नसे. का, ते कोणी विचारलं नाही. हातोडीला कोण विचारणार.

तिने ओरडून सांगायचं आणि धाकट्याने चाक हलवायचं, असं अर्धा तास चाललं. चाकाला ओढणारे दोन्ही दांडे पाहिले, त्यांच्या टोकांचे गोळे पाहिले, खालचे मोठे सांधे टॉमीची लोखंडी कांब घालून उचकटून पाहिले, रबरी बुश चाचपले. सगळं घट्ट. नव्या नवरीच्या मुठीसारखं घट्ट. आवाजाचा पत्ता नाही.

मग ती काकांच्या शेजारी बसून रस्त्यावर गेली. काका चालवत होते. सरळ रस्त्यावर गाडी मांजरीसारखी. ओढ्याच्या पुलाआधी डावीकडे वळण आहे, तिथे काकांनी चाक फिरवलं आणि आवाज आला.

ठक. ठक. ठक.

"हा बघ," काका म्हणाले. "तीनच येतात. नेहमी तीन. मी मोजलेत."

 वहिनीचे हात मांडीवर होते, ते तिने उचलून घेतले, जणू खाली काही तापलं होतं. ढिला सांधा वाजतो तेव्हा तो तुमच्या हाताबरोबर वाजतो. तुम्ही एकदा फिरवलं की एकदा. तो मोजून वाजत नाही. आणि हे ठोके मोजून, अंतर ठेवून आले होते. माणूस पान्याने ठोकतो तसे.

आता हे ठोक्यांचं काय, ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मिस्त्री होता तेव्हा तो खाली आणि वहिनी वर. वीस वर्षं असंच. वखारीची करवत सुरू असली की खालचं बोलणं वर जायचं नाही, म्हणून दोघांनी खुणा ठरवल्या होत्या. त्याच्याकडे एक जुना पाना होता, त्याने तो गाडीच्या सांगाड्यावर ठोकायचा. एक ठोका म्हणजे डावीकडे फिरव. दोन म्हणजे उजवीकडे. तीन म्हणजे हात काढ, चाक सोडून दे. आणि चार म्हणजे सापडलं. धाकट्यालाही हे ऐकून ऐकून पाठ. ठोका कानाला कमी लागायचा, चाकातून तळव्याला जास्त. ऐकण्याआधी हात फिरायचा. नवरा-बायकोत बोलायला दुसरं फारसं नसलं तरी चालतं, असे हे चार शब्द. चार ठोके आले की वहिनी उतरून चहा ठेवायची, आणि तो वर येऊन भुसा आणि रॉकेल लावून हात धुवायचा. वखारीचा ओला भुसा आणि रॉकेल, हा त्याचा वास.

चार वर्षांपूर्वी, दुपारी, एक पिकअप आला होता. पुढची चाकं जॅकवर उचललेली. खाली टेकू लावायला हवा होता. मिस्त्री म्हणाला, पाच मिनिटांचं काम आहे. तो खाली, ती वर. जेवणाची सुट्टी, त्यामुळे करवत बंद. तिच्या तळव्याला दोन ठोके लागले. ठक ठक. उजवीकडे. तिने चाक उजवीकडे फिरवलं, पार शेवटपर्यंत. गाडीचा तोल गेला, जॅक आडवा झाला.

लोक म्हणाले, जॅक सरकला. पोलिसांनी तेच लिहून घेतलं. डॉक्टर म्हणाले, पडली त्या क्षणी संपलं, त्याला काही कळलंही नसेल. वहिनीनेही जॅक सरकला असंच सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण दोन दिवसांनी ती गाडी बाजूला घेऊन एकटीने तपासली, तेव्हा तिला कळलं. उजव्या दांड्याचा गोळा झिजला होता. गाडी जॅकवर बसत असताना तो आपोआप वाजायचा. दोनदा. ठक ठक. मिस्त्रीने ठोकलंच नव्हतं. गाडीचा आजारच त्याच्या आवाजात बोलला होता, आणि तिने त्याचं ऐकलं होतं. हे तिने कोणालाही सांगितलं नाही. तिच्या शब्दावर लोक पोरंबाळं गाडीत घालत, आणि तिला स्वतःच्या हाताची खात्री नव्हती.

तर त्या संध्याकाळी पुलावरून व्हॅन परत आली, तेव्हा वहिनीचा चेहरा सिमेंटसारखा झाला होता. तिने धाकट्याला सांगितलं, काकांना स्कूटरवरून घरी सोड, येताना दुकानातून नवा बुश घेऊन ये. बुशाची गरज नव्हती. तिला गॅरेज रिकामं हवं होतं. काका जाताना म्हणाले, की सकाळी सहाला येतो. ती म्हणाली, या, पण चिठ्ठी मिळेलच असं समजून येऊ नका.

थंडीचे दिवस, सहालाच उजेड मावळला. वखार बंद झाली. करवत थांबली की कान आधी रिकामे होतात, मग हळूहळू बारीकसारीक आवाजांनी भरू लागतात. पत्रा गार पडताना करकरला. नळाचं पाणी बादलीत टिपकत होतं. रेडिओवर कोणीतरी कांद्याच्या रोगाबद्दल सांगत होतं. वहिनीने जाऊन तो बंद केला. चार वर्षांत पहिल्यांदा गॅरेज गप्प झालं.

तिने हातदिवा घेतला. व्हॅन खड्ड्यावर उभी होती, दोन्ही काठांवर चाकं भक्कम. खाली वाकून खड्ड्यात दिवा फिरवून पाहिला. कोपऱ्यात चिंध्या, तेलाचं डबकं, शिडी. कोणी नाही. मग दिवा बॉनेटवर टांगून ती व्हॅनमध्ये चढली आणि चाकात बसली. मागे चौदा मुलांच्या रिकाम्या जागा होत्या. एका सीटवर कोणाची तरी पाण्याची बाटली राहिली होती.

दोन्ही हात चाकावर ठेवले. हात कोरडे होते आणि चाक गार. तिने अगदी थोडं हलवलं. डावीकडे, उजवीकडे. काही नाही. पुन्हा हलवलं. काही नाही. ती स्वतःवरच चिडली. मनात म्हणाली, चौथी पास बाई, चाळिशी उलटली, आणि सावलीला भितेस. तिने हात थांबवले आणि खिडकीची काच खाली घेतली.

हात थांबलेले होते. चाक थांबलेलं होतं. आणि खालून आला.

ठक.

एकच. तळव्याला लागला.

 मग हात आपोआप फिरले. डावीकडे. वीस वर्षांची सवय, ती काय चार वर्षांत मरते.

ठक. ठक.

हे मात्र तिच्याने फिरवेना. दोन ठोके. तेच दोन. हात चाकाला चिकटल्यासारखे झाले. खिडकीतून वास आला. भुशाचा, ओल्या भुशाचा. वखार शेजारी आहे, भुशाचा वास यायचाच. पण त्यात रॉकेल होतं, आणि तिच्या गॅरेजमध्ये आता कोणी रॉकेल वापरत नव्हतं. साबणाची पावडर आणली होती धाकट्याने.

"अहो…" ती म्हणाली. नवऱ्याला तिने कधी नावाने हाक मारली नव्हती, आता कुठून मारणार. "अहो, तुम्ही… ठोकताय का ते?"

खाली शांत.

"मला कसं कळणार… तुम्ही ठोकताय, का गाडी?"

नळ टिपकला. एक. दोन. मग खालून, सावकाश, जसं अडाण्याला समजावून सांगावं तसं,

ठक. ठक. ठक.

हात काढ.

तिला समजलं, पण हात निघेनात. बोटं वळून बसली होती, पांढरी पडली होती. तिला वाटलं, सोडलं तर काहीतरी पडेल. चार वर्षं तिला हेच वाटत होतं. मिस्त्री एकदा तिच्यावर चिडून म्हणाला होता, की तू चाक इतकं आवळून बसतेस, की सांधा ढिला असला तरी मला कळत नाही. वरचा घट्ट धरून बसला की खालच्याला खोट सापडत नाही.

ठक. ठक. ठक. आता जोरात. चाकाच्या नळीतून, कोपरापर्यंत.

तिने एक बोट सोडवलं. मग दुसरं. मग दहाही, आणि दोन्ही तळवे छातीशी घेऊन बसली.

चाक रिकामं झालं. दिव्याच्या उजेडात ते स्पष्ट दिसत होतं. आणि मग ते हललं. फार नाही. घड्याळाचा काटा बाराच्या अलीकडे-पलीकडे व्हावा एवढंच. डावीकडे, उजवीकडे. खालून कोणी दांडा हातात धरून हलवून बघावा तसं. शांतपणे, घाई नसल्यासारखं.

आणि तिच्या पायाशी, अगदी तिच्या चपलेजवळ, लोखंडाचा एक बारीक, कोरडा आवाज झाला. टुक. चाक हललं की टुक. चाक हललं की टुक. हा आवाज माणसाचा नव्हता. हा सरळ, मुका, ढिल्या लोखंडाचा आवाज होता, आणि तो तिला इतका ओळखीचा वाटला की तिला रडू यायला लागलं.

तिने पायाखालची रबरी चटई वर केली. स्टेअरिंगची दांडी जिथे तळातून खाली जाते तिथे एक रबराची टोपी असते. खालून चाचपडणाऱ्याचा हात त्या टोपीपर्यंतच पोचतो, तिच्या वर नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिने टोपी उलटी केली. वरच्या आणि खालच्या दांडीला जोडणारा बोल्ट तिथे होता. होता म्हणजे दोन आट्यांवर लोंबत होता. मागे कोणीतरी काम करून आवळायचा विसरला होता. आणखी चार वळणं, फार तर पाच. मग चाक हातात फिरलं असतं आणि गाडी सरळ गेली असती. टेकडीच्या वाटेला सरळ म्हणजे दरी.

तिने तो बोल्ट काढला, खिशात टाकला, डब्यातून नवा शोधून बसवला आणि पान्याला लोंबकळून आवळला. चाक आता आपोआप हलत नव्हतं. तिने स्वतः हलवून पाहिलं. टुक नाही, ठक नाही. काम झालं होतं.

मग ती पुन्हा चाकात बसून राहिली. हात मांडीवर ठेवून. चार ठोक्यांची वाट पाहत.

चार आले नाहीत. नळ टिपकला, पत्रा करकरला, वास विरून गेला, आणि चार काही आले नाहीत.

धाकटा परत आला तेव्हा ती खड्ड्याच्या काठावर बसली होती. तिने बोल्ट दाखवला. त्याने तो हातात घेऊन फिरवला आणि शिवी हासडली, जो विसरला त्याला. मग त्याचं लक्ष रेडिओकडे गेलं. बंद. त्याने जाऊन रेडिओ सुरू केला. बटण दोनदा हातातून निसटलं. वहिनीने ते पाहिलं आणि मनात ठेवलं.

सकाळी सहाला काका आले. वहिनी रात्रभर झोपली नव्हती हे डोळ्यांत दिसत होतं. ती काकांना घेऊन पुलापर्यंत गेली, टेकडीची पहिली तीन वळणं चढली आणि उतरली. गाडी गप्प. काकांनी मोठ्याने श्वास सोडला. परत येऊन वहिनीने वहीचं पान फाडलं आणि चौथीतल्या अक्षरात लिहिलं, गाडी तपासली, खोट सापडली, दुरुस्त केली, चालवायला ठीक आहे. खाली नाव घातलं. 'सापडली' या शब्दावर पेन अडकलं होतं, शाईचा ठिपका पडला होता. काकांनी चिठ्ठी घडी करून नातीच्या फोटोमागे पाकिटात ठेवली. जाताना यावेळी हॉर्न वाजवला.

व्हॅन गेली. खड्डा उघडा पडला, चारी बाजूंनी विटा आणि सिमेंट, वर नुसती हवा. वखार उघडायला अजून तास होता. धाकटा रेडिओकडे निघाला.

"भाऊजी," वहिनी म्हणाली. "राहू दे तो."

भाऊजी म्हटल्यावर तो थांबला. पण आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच घाबरला.

ती खड्ड्याच्या काठावर बसली होती, पाय आत सोडून. तिने सांगितलं. सगळं, एका दमात, जसं गिऱ्हाइकाला बिल सांगावं तसं कोरडं. जॅक सरकला ते खरं, पण चाक मी फिरवलं. दोन ठोके मला वाटले त्याचे. ते गोळ्याचे होते. त्याने काही सांगितलंच नव्हतं. तुझ्या भावाला मी मारलं, आणि चार वर्षं तुझ्याकडून चाक धरवून घेतलं.

 धाकटाही काठावर बसला, समोरच्या बाजूला. दोघांच्या मध्ये खड्डा.

"मला माहीत होतं, तू फिरवलंस," तो म्हणाला. "धावत आलो तेव्हा तुझे हात चाकावर होते. तुझी बोटं मीच सोडवली, एकेक करून. तुला आठवत नाही?"

तिला आठवत नव्हतं.

"बोलला का नाहीस?"

"तू फिरवलंस म्हणून नाही गप्प बसलो." तो खाली बघत होता. "कारण दुसरं होतं. वहिनी, मी मागे नळावर पार्ट धूत होतो. करवत बंद होती. मला सगळं ऐकू आलं. दोन ठोके आले, ते मलाही आले. मग गाडी पडली. तो आवाज…" तो थांबला. "आणि मग, मी हात पुसतोय, पळतोय, तोवर… अजून आले. तीन."

वहिनीने मान वर केली.

"गाडी पडल्यावर?"

"पडल्यावर. सावकाश. खालून." त्याने ओठ पुसले. "मी म्हटलं, जिवंत आहे. म्हणून पळालो. आणि डॉक्टर म्हणाले, पडली त्या क्षणीच… मी परत परत विचारलं त्यांना. ते म्हणाले, शक्यच नाही. तेव्हापासून मी इथे शांतता ठेवत नाही."

 रस्त्यावरून एक सायकल गेली. वहिनी आपल्या हातांकडे बघत होती. ते खड्ड्याच्या काठाला घट्ट धरून होते, नखं पांढरी. ती तशीच बघत राहिली, आणि मग सावकाश, एकेक बोट करत, तिने काठ सोडला. दोन्ही तळवे उघडे करून मांडीवर ठेवले. चार वर्षांत पहिल्यांदा खांदे खाली आले.

आणि तेव्हा खालून आले. लोखंडावर लोखंड आपटावं तसे स्वच्छ, अंतर ठेवून.

ठक. ठक. ठक. ठक.

वर गाडी नव्हती. खड्ड्यात ठोकायला लोखंड म्हणून काही नव्हतं. शिडीसुद्धा लाकडाची होती.

धाकटा काठावरून मागे सरकला. "वहिनी… चार…"

"मोजले मी," ती म्हणाली.

चार म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. सापडलं. पण व्हॅनचा बोल्ट तर काल संध्याकाळीच सापडला होता, तेव्हा कोणी ठोकलं नव्हतं. मग आत्ता, या उघड्या खड्ड्यात, इतकी वर्षं शोधून त्याला काय सापडलं, हे विचारायला दोघांपैकी कोणीही खाली वाकलं नाही. चारच्या पुढचा ठोका मिस्त्रीने आणि तिने कधी ठरवलाच नव्हता.